झाडागणिक दोन घमेली

१ जुलै, मंगळवार

हराळी — ११२ झाडांखाली. लव्हाळा — ५८. कुंदा — १४. स्वच्छ — ०. मोसंबीची एकूण झाडे १८४. दोनदा मोजले. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने मोजले, तरी तेवढेच!

सकाळी झुंबरबाई आत्याने ओट्यावर बसवून सांगितले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही, धाड गावाच्या अलीकडे तिची ही बाग आहे आणि झाडे तिने स्वतः लावलेली आहेत. "माहे गुडघे गेले. यंदा बाग तू पाह्य. दसऱ्याले मी येईन पाहाले. झाडाखाली गवत नाई दिसलं त बाग तुह्याकडं. दिसलं त दीपकले देऊन टाकीन, अन् तू जाय आपल्या कंपनीत!"

कंपनी म्हणजे वाळूजची. गावचे धम्मदीपभाऊ तिथे सुपरवायझर आहेत. बाबांनी त्यांना सांगून दसऱ्यानंतरची एक जागा माझ्यासाठी धरून ठेवली आहे. मागच्या वर्षी मी तिथे नऊ दिवस होतो. प्रत्येक बोल्ट दोनदा तपासायचो. नवव्या दिवशी पट्टा थांबला आणि ओळीतली सगळी माणसे मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. त्या माना मला अजून दिसतात. नको!

कृषी पदविकेची मी दोन सत्रे केली. दुसऱ्या सत्रात 'तणांची ओळख' होती. 'तणांचे नियंत्रण' तिसऱ्या सत्रात होते. त्यामुळे मला सगळी तणे नावानिशी ओळखता येतात. एवढेच.

३ जुलै, गुरुवार

दीपकभाऊ आला. माझा चुलतभाऊ, सहा वर्षांनी मोठा. आत्याचा जसा मी भाचा तसाच तो. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे. खाली न उतरताच म्हणाला, "काय बे प्रोफेसर, गवताची शिरगणती चालू हाये का?"

मग म्हणाला, "रोटाव्हेटर मारून देऊ का? अर्ध्या दिवसात मैदान करून टाकतो."

मी नको म्हटले. हराळीच्या मुळीचे जितके तुकडे, तितकी नवी रोपे. रोटाव्हेटर मारणे म्हणजे हराळीची लागवड करणे. एवढे मात्र मला पक्के माहीत आहे. मी त्याला ते समजावून सांगू लागलो तर त्याने इंजिन चालू केले. आवाजातच मी वाक्य पूर्ण केले.

त्याला बाग हवी आहे. नाहीतर फुकट रोटाव्हेटर मारायला कोण येतो?

९ जुलै, बुधवार

आज निंदणाला चार बायका आणि मी. बायकांनी तीस झाडे केली. मी एक.

मी ठरवले होते की एक मुळी धरायची आणि तुटू न देता शेवटपर्यंत काढायची. मुळी बुंध्यापासून निघाली, पाटाखालून गेली, दगडाला वळसा घातला. मी मागे मागे. बेबीताई (निंदणाच्या बायकांची म्होरकी, जिभेला हाड नाही) कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"कुलदीपभाऊ, हराळी उपटून राह्यले का तिची नाडी पाहून राह्यले?"

"तुटली की एकीच्या दोन होतात, बेबीताई."

"मंग लगन लावून द्या तिचं. जाईन आपल्या घरी!"

चारही जणी पदर तोंडाला लावून हसल्या. मुळी तेवढ्यात तुटली.

१४ जुलै, सोमवार

पहिली फेरी संपली! १८४ पैकी १८४. पाच दिवस बोटे वळत नव्हती, आज लेखणी धरता आली.

उपटलेले सगळे गवत बांधावर पडून होते. बेबीताई म्हणाली, "खडकावर टाका, वाळू द्या, काडी लावा." पण जाळायचे कशाला? कंपोस्टचा पाठ दुसऱ्या सत्रातच होता. शेणखताच्या खड्ड्यात थर दिले — शेणखत, गवत, शेणखत, गवत. प्रत्येक थर एक वीत. पट्टी लावून मोजला. वाया काहीच गेले नाही.

आज बरे वाटते आहे. असे मी सहसा लिहीत नाही.

२८ जुलै, सोमवार

झाडांना खत दिले. झाडागणिक दोन घमेली, बुंध्यापासून दीड हात सोडून गोल. शिगोशीग नाही, काठोकाठ. एखाद्याला जास्त, एखाद्याला कमी असे केले नाही. बेबीताई म्हणाली, "घमेलं सपाट कराले पट्टी फिरवता का भाऊ तुम्ही?" फिरवत होतो.

आत्याने लांबून पाहिले आणि काही बोलली नाही. आत्या बोलली नाही म्हणजे चांगले.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज जमीन खणायची नाही, असे आत्याने तीनदा बजावले. दिवसभर बागेत नुसता बसून होतो. एकही काडी हिरवी नाही. बघतच राहावेसे वाटले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

हे काय आहे?

प्रत्येक झाडाभोवती गोल हिरवे कडे उगवले आहे. बुंध्यापासून दीड हात सोडून. हराळी आणि लव्हाळा एकत्र. आधी ज्या झाडांखाली नुसता कुंदा होता त्यांच्याखाली आता हराळीही आहे! १८४ पैकी १८४. एकाही झाडाला कमी नाही.

आत्या काठी टेकत आली. वाकली. सरळ झाली. म्हणाली, "पेरल्यावानी उगवलं हे. आपोआप उगवनारं गवत असं वळणात राहात नाई. कोनंतरी पेरलं."

मलाही तसेच वाटते.

११ ऑगस्ट, सोमवार

फाटकापाशी ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणा आहेत. रुंदी मोजली.

आत्याला सांगितले. मी कोणाचेही नाव घेतले नाही. फक्त रुंदी सांगितली. आत्याने स्वतःच विचारले, "गावात असं टायर कोनाचं हाये?" विचारले म्हणून सांगितले.

१८ ऑगस्ट, सोमवार

योगिनी मॅडम आल्या होत्या. कृषी सहायक, नव्या बदलून आल्या आहेत, चार गावे एका स्कूटीवर सांभाळतात. मी त्यांना बांधावरची अकरा तणे एका दमात ओळखून दाखवली. त्या म्हणाल्या, "अरे वा! कुठे शिकलात?"

"अर्धे शिकलो," मी म्हणालो.

मग झाडांभोवतीची कडी दाखवली. त्या उकिडव्या बसल्या, माती उकरली, पाच-सहा झाडे फिरून आल्या. म्हणाल्या, "वाऱ्याने किंवा पाण्याने आलेलं तण असं गोल येत नाही. हे कुणीतरी हाताने टाकलंय. आणि अगदी मोजून टाकलंय."

"हो ना!" मी म्हणालो. फार आनंदाने म्हणालो.

"इथे शेणखत कुणी दिलं?"

"मी."

"खड्डा दाखवता?"

दाखवला. खड्ड्यावर हराळीची गादी पसरली होती. इतकी दाट की वर झोपता आले असते. मॅडमनी एक थर उचलला — खाली पांढऱ्याशुभ्र मुळ्या, जिवंत, टवटवीत. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गवत टाकण्याआधी वाळवलं होतं का? हराळीची मुळी हिरवीच खड्ड्यात टाकली तर ती कुजत नाही. उलट तिला घर मिळतं."

ते पान मी वाचले नव्हते. पाठ संपायच्या आधी सुट्टी लागली होती.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मीच.

२० ऑगस्ट, बुधवार

मी रोटाव्हेटर नको म्हटले, कारण त्याने हराळी पसरते. मग तीच हराळी स्वतःच्या हाताने, घमेल्यावर पट्टी फिरवून, १८४ झाडांना दिली. रोटाव्हेटरने सुद्धा एवढे समान काम झाले नसते.

आत्याला सांगायला हवे. सांगितले की बाग दीपकभाऊची आणि मी वाळूजला. आज तिचे गुडघे दुखत होते. उद्या सांगतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. सणाच्या तोंडावर कसे सांगायचे?

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. फार वाईट झाले!

दीपकभाऊ काकांची बैलजोडी घेऊन आत्याच्या दारी आला. शिंगांना बेगड, अंगावर झूल. आत्या पुरणपोळीचे ताट घेऊन उंबऱ्यात उभी. बैलाने मान पुढे केली तर तिने ताट मागे घेतले.

"आधी सांग. माह्या बागेत हराळी तुवा टाकली का?"

गल्लीत निदान वीस माणसे होती. माझ्या हातात हळदीकुंकवाची वाटी.

दीपकभाऊने माझ्याकडे पाहिले. मग आत्याकडे. मग बैलाकडे. आणि म्हणाला, "हो आत्या. म्याच टाकली."

"काऊन?"

"असंच."

"असंच?"

"मन झालं."

लोक हसले. आत्याचा आवाज चढला. "मन झालं? तुले बाग काय, तुळशीची कुंडी बी देनार नाई मी!" एवढे होईपर्यंत बैलाने ताटातल्या चारही पोळ्या संपवल्या होत्या आणि तो ताट चाटत होता.

मग ती माझ्याकडे वळली. "अन् तू नको खुश होऊ! साफ नाई झाली त जालन्याच्या एखांद्या मानसाले बटईनं देईन."

मी खुश नव्हतोच. जे मी केले ते त्याने केले असे तो का म्हणाला?

२४ ऑगस्ट, रविवार

कारणे शोधली. एक — त्याला माझी दया आली. (आजवर कधी आली नाही.) दोन — त्याने खरेच दुसरीकडे कुठे हराळी टाकली आहे. (सगळा बांध तपासला. नाही.) तीन — हा डाव आहे, आणि तो मला अजून समजलेला नाही.

तीन.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मॅडमनी सांगितले होते की आता नुसत्या हाताने होणार नाही. झाडांभोवतीच्या कड्यांवर, वारा नसताना, मोसंबीच्या पानाला आणि बुंध्याला न लागू देता तणनाशक मारा. उरलेले कुदळीने काढा, वर सोयाबीनच्या कुटाराचा (भुसकटाचा) जाड थर द्या. सगळे लिहून घेतले आहे. पंप धुऊन ठेवला होता.

आत्या पंपासमोर आडवी उभी राहिली. "देव बसले अन् तू दूर्वाईवर औषध मारतं? विसर्जनालोक पंपाले हात नाई लावाचा!"

"आत्या, ती हराळी आहे."

"गनपतीले सांग तसं."

दहा दिवस! पाऊस रोज आहे. हराळी दिवसाला बोटभर वाढते.

३० ऑगस्ट, शनिवार

गावातल्या बायका सकाळपासून बागेत येत आहेत, दूर्वा खुडायला. "काय दूर्वा हाये माय! अशी कवळी गावात कोनाकडंच नाई!" बागेत पाय ठेवल्यापासून ही माझ्या कामाची पहिली स्तुती.

मी हिशेब केला. १४० घरे, घरटी एकवीस जुड्या. सगळ्यांनी मुळासकट नेली तर तीन ओळी आपोआप साफ होतील. मी बेबीताईला तसे सुचवले. ती म्हणाली, "गनपतीले मुळ्या वाहू का भाऊ? त्यानं काय पाप केलं?"

त्या नुसते शेंडे खुडतात. शेंडे खुडले की हराळी अजून दाट होते.

२ सप्टेंबर, मंगळवार

दीपकभाऊ दूर्वा न्यायला आला. मी एकटाच होतो. मनात आले, आता विचारावे. त्याआधी त्यानेच विचारले, "काय बे, कंपनीत जेवन कसं असते? पोळ्या मिळते का नुसता भात?"

मला हिणवतो! मी उत्तर दिले नाही. मग म्हटले, दिले नाही तर मला लागले असे वाटेल. म्हणून सांगितले. पोळ्या चार, भाजी एक, वरण पातळ.

"चार? बरं हाये," म्हणाला आणि गेला.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झाले. आता माझे पंचवीस दिवस.

बुंधे झाकायला हवेत. खताची रिकामी पोती १२३ मिळाली. ६१ कमी पडली. बेबीताईला विचारले तर ती गल्लीभर फिरली आणि संध्याकाळपर्यंत ६१ जुनी लुगडी-पातळे जमा झाली. प्रत्येक बुंध्याला कमरेइतके गुंडाळून सुतळीने बांधले. गाठ एकाच बाजूला.

आता रस्त्यावरून पाहिले तर बागेत बायका रांगेने उभ्या आहेत असे दिसते. एसटीतून लोक वाकून बघतात. जीपवाला तर थांबलाच — "कशाची सभा हाये?"

बेबीताई तिसऱ्या ओळीत कमरेवर हात ठेवून उभी होती. "त्या झाडाले माहं लुगडं नेसवलं. माह्यापेक्षा त्यालेच चांगलं दिसते!"

आत्याने तिचे हिरवे इरकल दिले आहे. ते कोपऱ्यातल्या झाडाला. तिने पहिले लावलेले झाड तेच, असे म्हणाली. मग बराच वेळ त्याच्यापाशी उभी होती.

हे सगळे तिचे आहे. आणि मी ते बिघडवले आणि दुसऱ्याचे नाव पुढे केले.

९ सप्टेंबर, मंगळवार

वारा तपासायला काठीला दोरा बांधला. सकाळी साडेसहाला दोरा सरळ. नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या टोपल्याचे झाकण केले, म्हणजे तुषार उडू नयेत. एकही थेंब पानाला लागला नाही. साडेअकराला संपले. आयुष्यात एवढे नीट काम केले नव्हते.

साडेबाराला पाऊस. पाऊण तास. सगळे धुऊन गेले.

१४ सप्टेंबर, रविवार

पुन्हा मारले. आभाळ स्वच्छ. तरी संध्याकाळपर्यंत आभाळाखाली उभा होतो. मी उभा राहून काय होणार होते, माहीत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. हराळी पिवळी पडली! आधी शेंडे, मग कांड्या. मोसंबीचे एकही पान पिवळे नाही. सगळ्या झाडांची पाने पाहिली. सगळी म्हणजे निदान खालची.

लव्हाळा मात्र हिरवा आहे. त्याच्या जमिनीतल्या गाठी कुदळीने काढतो आहे. बेबीताईची टोळी सकाळी, मी दिवसभर. या वेळी काढलेले सगळे खडकावर, उन्हात. खड्ड्याकडे बघतही नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दीपकभाऊ स्वतःहून ट्रॉलीभर कुटार घेऊन आला. मागच्या वर्षीचे, कोरडे. "टाक झाडाखाली. ते मॅडम सांगत होती ना?" मी विचारले, "तुला काय करायचे आहे माझ्या बागेचे?" तो म्हणाला, "तुह्यी बाग चांगली झाली पायजे बे. लय चांगली."

चेहऱ्यावर हसू नव्हते. अगदी काकुळतीला आल्यासारखा बोलला. मला रागही येईना आणि धन्यवादही म्हणता येईना. म्हणून कुटार मोजून घेतले.

मी त्याच्यावर आळ आणला. तो मला कुटार देतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

स्वच्छ — १७१. उरली १३. दोन दिवसांत होतील. बाग मला मिळेल.

आणि मग रोज त्या बागेत जाऊन मला ते आठवत राहील. नाही. सांगायचे. पण तोंडाने सुरू केले की माझे वाक्य मध्येच वळते. म्हणून लेखी.

पहिला मसुदा चार पाने झाला. त्यात पावसाचे वर्णन फार होते. दुसरा अडीच. तिसरा दीड. 'मी अत्यंत दिलगीर आहे' लिहिले. दिलगीरमधला 'दि' ऱ्हस्व — खात्री करून घेतली. खाली सही, तारीख.

१ ऑक्टोबर, बुधवार

चुकलो. आत्याला वाचता येत नाही हे मला तेवीस वर्षांपासून माहीत आहे!

पत्र हातात दिले. तिने उलटसुलट पाहिले. "काय हाये हे? नोटीस हाये का?" तेवढ्यात दीपकभाऊ उद्यासाठी आपट्याची पाने द्यायला आला. आत्याने त्यालाच पत्र दिले. "वाच बे. तेवढा तरी कामाचा हो."

त्याने वाचायला सुरुवात केली. मनात. मी त्याचे डोळे बघत होतो. पहिल्या पानावर ते खाली गेले, थांबले, पुन्हा वर आले. मग त्याने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचले —

"आत्या, बाग साफ झाली हाये. उद्या पाहाले ये. तुझा कुलदीप."

दीड पान होते!

आत्या म्हणाली, "एवढ्यासाठी कागद कायले लागते? मी इथंच त बसेल हाये."

अंगणात त्याला गाठले. "तू खोटे का वाचलेस?"

त्याने माझा दंड धरला. जोरात. "कुलदीप, तुह्या पाया पडतो बे. एक दिवस. एकच दिवस तोंड बंद ठेव. तू हारशील, म्या बी हारीन." पत्र त्याने खिशात घातले आणि गेला.

'म्या बी हारीन' म्हणजे काय?

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा.

१८४ पैकी १८४ स्वच्छ. सकाळी मोजले. बुंध्यांची लुगडी सोडून, धुऊन, घड्या घालून ज्याची त्याला परत केली होती. झाडाखाली कुटार, वीतभर, सोनेरी. आत्या काठी टेकत एक ओळ चालली, दुसरी चालली. बाबा घरून, अमडापूरहून आले होते, ते मागे. दीपकभाऊ, बेबीताई, तिच्या बायका. कोपऱ्यातल्या झाडापाशी आत्या थांबली, काठीने कुटार बाजूला केले, खाली पाहिले. काळी माती. दुसरे काही नाही.

"झालं बापा," ती म्हणाली. "सोन्यासारखी केली. बाग आता..."

"आत्या, हराळी मी टाकली," मी म्हणालो.

दीपकभाऊने डोळे मिटले.

"खड्ड्यातून. खतातून. मला माहीत नव्हते. मग माहीत झाले, पण मी सांगितले नाही. झाडागणिक दोन घमेली. दीपकभाऊने काहीच केले नाही." वाक्य मध्ये वळले नाही. पहिल्यांदाच.

बेबीताई म्हणाली, "तरीच म्हनलं, इतकं सारखं!"

आत्या हसली नाही. "दीड महिना मी या पोट्ट्याले शिव्या देल्ल्या. गावासमोर देल्ल्या. अन् तू वाटी धरून उभा होता?"

"हो."

"अन् यानं तुह्या पापाले पदर घातला." ती दीपकभाऊकडे वळली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "असं मन पायजे. बाग कराले मी तुलेच देतो दीपक. आजपासून बाग तुह्यी."

दीपकभाऊच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. आनंदाने असावे. हक्काचेच आहे त्याचे.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा सकाळची गाडी हाये."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बॅग भरली. शर्ट चार, पँट दोन, टॉवेल एक. बागेत गेलो नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

निघण्याआधी वाळूजला धम्मदीपभाऊंना फोन केला — आज येतो म्हणून. ते म्हणाले, "कुठं येतो बे? तुही जागा जुलैतच भरली! तुह्या बाबानं पुन्हा इचारलंच नाई. दीपकनं तवाच हातापाया पडून मागून घेतली ना. काल सकाळीच हजर झाला. कपडे बी आनले नाई पोट्ट्यानं, म्हने घरातून पळूनच आलो."

आत्या ओट्यावरून दीपकला हाका मारते आहे. तीन हाका झाल्या. चौथीला मी ओ दिली.